शाळेबाहेरील शिष्य

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमच्या थोरल्या नातवाला यंदा सोळावें वर्ष लागलें. तो दोन वर्षें पियानोच्या एका वर्गास जात होता आणि तेथील परीक्षाहि त्यानें बऱ्या गुणांनीं दिल्या होत्या. परंतु भाऊबीजेच्या दिवशीं सर्व मंडळी पानावर बसलीं असतां त्यानें वर्ग सोडण्याचा आपला निश्चय जाहीर केला. "मला जॅझ शिकायचंय, आणि ते मी माझं मीच शिकणार आहे," असें तो म्हणाला. चिरंजीव रागावले, सूनबाई काळजींत पडल्या, माझे धाकटे बंधु तर म्हणाले कीं, "याचें शिकणें म्हणजे आमच्या दुपारच्या झोपेचें मरण!" त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. कारण गेले तीन आठवडे हा मुलगा तीन मिनिटांचें एकच वादन मोबाइलवर लावी, चार स्वर ऐकून थांबवी, ते पियानोवर शोधी आणि पुनः लावी. घरांतील लहान मुलेंसुद्धां आतां तें वादन तोंडानें म्हणूं लागलीं होतीं.

छत्तीस वर्षें शाळेंत खडू झिजविलेला मनुष्य म्हणून निवाडा माझ्याकडे आला. 'गुरूवांचून विद्या नाहीं,' हें वाक्य माझ्या जिभेवर आलेंच होतें. परंतु ज्या विषयाचें आपणांस कांहींच ज्ञान नाहीं त्यावर निर्णय देणें मास्तरास शोभत नाहीं. म्हणून मीं एक महिन्याची मुदत मागितली आणि जॅझमधील नामांकित मंडळी आपली विद्या कशी शिकलीं, हें शोधूं लागलों. जें हातीं लागलें तें ज्या ज्या घरांत असा एखादा मुलगा वा मुलगी आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

प्रथम जॅझ म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. हें संगीत विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स शहरांत, मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या वादकांच्या हातून, घडत गेलें. त्याची पहिली तबकडी १९१७ सालीं निघाली. ज्यांनीं आपला ख्याल ऐकला आहे त्यांस त्याची रीत समजण्यास अडचण पडूं नये. आरंभीं सर्वजण मिळून एक चाल वाजवितात. मग एकेक वादक त्या चालीच्या आधारानें, त्या क्षणीं सुचेल तसा विस्तार करितो. आणि शेवटीं सर्वजण पुनः मूळ चालीवर येतात. आपल्या गवयाच्या पाठीशीं राग असतो. जॅझच्या वादकाच्या पाठीशीं कॉर्डांची, म्हणजे एकाच वेळीं वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहांची, ठराविक मालिका असते. 'ब्लूज' नांवाच्या प्रकारांत चार चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन असतें. त्या आवर्तनांत न चुकतां राहून नवें बोलावयाचें, हीच परीक्षा.

आतां गंमत अशी कीं, या विद्येचें मर्म कागदावर उतरत नाहीं. नोटेशनमध्यें सारख्या लांबीचे लिहिलेले दोन स्वर जॅझचा वादक एक किंचित् लांब व एक आखूड असे वाजवितो. किती लांब व किती आखूड, हें कोणतीहि खूण सांगूं शकत नाहीं. तें कानानेंच घ्यावें लागतें. शिवाय जवळजवळ पहिलीं तीस-चाळीस वर्षें हें संगीत शिकविणारें विद्यालयच नव्हतें म्हटलें तरी चालेल. बोस्टन येथें लॉरेन्स बर्क यांनीं जी शाळा काढली आणि जी पुढें बर्कली या नांवानें जगप्रसिद्ध झाली, ती १९४५ सालची. टेक्सासमधील एका महाविद्यालयांत या प्रकारच्या वादनाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला तो १९४७ सालीं. म्हणजे त्यापूर्वीं जे मोठे झाले ते बहुतेक सर्व शाळेबाहेरचे शिष्य होते.

पण म्हणून ते निगुरे होते काय? येथें मला आपल्याकडील एका जुन्या सुभाषिताचें स्मरण झालें. विद्येचा एक पाव भाग आचार्यांकडून मिळतो, दुसरा स्वतःच्या बुद्धीनें, तिसरा सहाध्यायांच्या संगतींत, आणि चौथा काळाच्या ओघांत परिपाक होऊन, असा त्याचा आशय आहे. मास्तरकीच्या काळांत हा श्लोक मीं शेकडों मुलांकडून पाठ करवून घेतला. परंतु आचार्यांच्या वांट्यास त्यांत फक्त एक पावच आला आहे, याकडे माझें कधीं लक्ष गेलें नव्हतें!

पहिला पाव आचार्यांचा. लुई आर्मस्ट्राँग हें जॅझमधील आद्य नांव. १९०१ सालीं न्यू ऑर्लिन्समध्यें दारिद्र्यांत जन्मलेला हा मुलगा. १९१२ सालच्या अखेरच्या रात्रीं रस्त्यांत पिस्तूल उडविल्याबद्दल त्यास पकडून निराधार मुलांच्या सुधारगृहांत ठेवण्यांत आलें. तेथील बॅण्डचे शिक्षक पीटर डेव्हिस यांनीं त्याच्या हातीं कॉर्नेट हें तुतारीच्या जातीचें वाद्य दिलें. पुढें किंग ऑलिव्हर या वादकानें त्याला हाताशीं धरलें आणि १९२२ सालीं शिकागोस बोलावून घेतलें. म्हणजे शाळा नव्हती, पण हात धरणारे होते.

ज्यांस असा हात मिळाला नाहीं त्यांचा आचार्य म्हणजे ग्रामोफोन. आयोवा प्रांतांतील डॅव्हनपोर्ट गांवचा बिक्स बायडरबेक (जन्म १९०३) हा सुखवस्तु घरचा मुलगा. पहिलें महायुद्ध संपल्यावर त्याचा वडील भाऊ घरीं ग्रामोफोन व कांहीं तबकड्या घेऊन आला. त्या ऐकून ऐकून बिक्स कॉर्नेट शिकला. बोटें कशीं ठेवावयाचीं हें दाखविण्यास कोणी नसल्यामुळें त्याची बोटांची पद्धत जन्मभर इतरांहून निराळीच राहिली. पण त्याच्या वाद्याचा नाद असा कांहीं निराळा व स्वच्छ होता कीं, आजहि जाणकार त्याचें नांव आदरानें घेतात.

तबकडी हा गुरु एकलव्याच्या मृत्तिकेच्या द्रोणाचार्यांपेक्षां एका बाबतींत श्रेष्ठ होता: तो बोलत असे, आणि कितीहि वेळां विचारलें तरी रागावत नसे! पुढें ज्या यंत्रांत तबकडी निम्म्या वेगानें फिरवितां येऊं लागली, त्यांत तेंच वादन बरोबर एक सप्तक खालीं आणि संथ ऐकूं येई. विद्यार्थी त्यावरून एकेक स्वर वेंचून घेत. आज मोबाइलमध्यें सप्तक न बदलतां वेग कमी करितां येतो. आमचा नातू जें करीत होता तें नवें खूळ नसून शंभर वर्षांची जुनी परंपरा आहे, हें मला तेव्हां कळलें. आपल्याकडे कुमार गंधर्व लहानपणीं तबकड्या ऐकून थोर गवयांचीं गाणीं हुबेहूब म्हणत, आणि पुढें मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्याकडे शिकले, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच.

दुसरा पाव स्वतःच्या बुद्धीचा; आणि बुद्धि म्हणजे केवळ तल्लखपणा नव्हे. चार्ली पार्कर हा १९२० सालीं कॅन्सस सिटींत जन्मला. शाळेच्या बॅण्डांत थोडेंबहुत शिकला. आईनें सॅक्सोफोन घेऊन दिला. १९३६ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, गांवांतील रीनो क्लबमध्यें नामांकित वादकांच्या बैठकींत तो धीर करून वाजवावयास उभा राहिला आणि मध्येंच आवर्तनांतून सुटला. तेव्हां ढोलवादक जो जोन्स यानें आपल्या वाद्याची कांशाची झांज काढून त्याच्या पायांशीं फेंकली! सभेंत असा अपमान झाल्यावर दुसऱ्या एखाद्यानें वाद्य विकून टाकलें असतें. पार्करनें पुढील वर्षीं उन्हाळ्यांत एका बॅण्डबरोबर ओझार्क डोंगरांतील विश्रामस्थानीं काम धरलें. जातांना त्यानें काउंट बेसीच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या बरोबर नेल्या आणि त्यांतील लेस्टर यंग याचें सर्व वादन स्वरन् स्वर पाठ केलें. परत आला तो निराळाच मनुष्य होऊन. १९५४ सालच्या एका आकाशवाणी-मुलाखतींत त्यानें सांगितलें आहे कीं, तीन-चार वर्षें आपण रोज अकरा ते पंधरा तास मेहनत करीत असूं, आणि शेजाऱ्यांनीं आईला घर सोडून जाण्यास सांगावयाची वेळ आणली होती. बंधूंना हें वाचून दाखविलें तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, "म्हणजे आमची गाऱ्हाणीं सर्वत्र सारखींच!"

तिसरा पाव सहाध्यायांचा, आणि मला वाटतें जॅझमध्यें हा सर्वांत महत्त्वाचा. पार्करला त्या डोंगरांत कॉर्डांचें ज्ञान दिलें तें त्याच बॅण्डमधील पियानोवादक व गिटारवादक यांनीं. पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत मिंटन्स प्लेहाऊस नांवाच्या जागीं १९४० च्या सुमारास रात्रीचें काम संपवून तरुण वादक जमूं लागले. थेलोनियस मंक पियानोवर, केनी क्लार्क ढोलांवर. डिझी गिलेस्पी व पार्कर येत. अवघड कॉर्डांच्या वाटा एकमेकांस घालावयाच्या आणि त्यांतून बाहेर पडावयाचें, असा तो आखाडा होता. त्यांतूनच 'बीबॉप' ही नवी शैली जन्मास आली.

आपल्या देशांतहि या तिसऱ्या पावाचें एक सुंदर उदाहरण आहे. गोव्यांतील चर्चच्या परोकियल शाळांत 'मेस्त्र' मुलांस सोल्फेज, म्हणजे स्वरलिपि वाचून गाणें, व व्हायोलिन शिकवीत. हें शिक्षण उपासनासंगीताचें. त्यांत जॅझ नव्हता. त्या शिदोरीवर गोव्याचे तरुण मुंबईस आले. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा अमेरिकन बॅण्ड ताजमहाल हॉटेलांत आला, मागून टेडी वेदरफर्ड आला. आणि या गोमंतकीय वादकांनीं तबकड्या ऐकून व त्या पाहुण्यांच्या शेजारीं बसून जॅझ उचलला. हळदोणें गांवचे आंतोनियो शावियेर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नांवानें भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांनीं १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटास जें उसळतें संगीत दिलें त्यांत चिक यांचा हात होता. ज्या गाण्यांवर आपल्या वडिलांनीं लग्नांच्या वरातींत ठेका धरला, त्यांच्या मागें हें शाळेबाहेरील शिक्षण उभें होतें.

चौथा पाव काळाचा. त्याविषयीं घाई चालत नाहीं. कधीं कधीं तो फार लवकर फळास येतो. बाली बेटावर २००३ सालीं जन्मलेला जोई अलेक्झांडर वडिलांच्या संग्रहांतील जॅझ ऐकून सहाव्या वर्षीं मंकची रचना कानानें वाजवूं लागला. बालींत जॅझची शाळा नव्हती. मोठ्या वादकांच्या बैठकींत बसून तो शिकला. त्यास अधिक संगति मिळावी म्हणून आईबापांनीं बिऱ्हाड जाकार्तास हलविलें. २०१३ सालीं, दहाव्या वर्षाच्या आंत, त्यानें युक्रेनमधील ओडेसा येथील स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळविलें. २०१५ सालीं त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तीस ग्रॅमी पारितोषिकासाठीं दोन नामांकनें मिळालीं. परंतु हीं उदाहरणें आपल्या मुलांपुढें मापदंड म्हणून ठेवूं नयेत. अशा फुलांस पाहून आनंद मानावा. इतर झाडांस दरडावूं नये.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, निवृत्त मास्तर शाळेवरच उलटला! तसें नाहीं. स्वयंशिक्षणाचे तोटे उघड आहेत. बिक्सला लिपि नीट वाचतां येत नसे. १९२४ सालीं एका मोठ्या वाद्यवृंदांतील नोकरी त्यानें त्याच कारणानें गमावली. उलट माइल्स डेव्हिस १९४४ सालीं न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या प्रख्यात संगीतविद्यालयांत दाखल झाला, रात्रीं पार्करला शोधीत क्लब धुंडाळूं लागला आणि वर्षभरांत विद्यालय सोडून बसला. तरीहि तेथें मिळालेल्या शास्त्राचा व ग्रंथालयांत पाहिलेल्या थोरांच्या रचनांचा आपणांस उपयोगच झाला, असें त्यानें पुढें मान्य केलें. शाळा पाया देते. पण कान मात्र ज्याचा त्यानेंच तयार करावा लागतो.

दुसरें भय व्यसनांचें, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. पार्करला लहान वयांतच मादक द्रव्यांची संवय जडली आणि १९५५ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं तो गेला. त्याच्यासारखें वाजवितां यावें म्हणून कित्येक तरुणांनीं त्याचें व्यसनहि उचललें. त्यानें स्वतः त्यांस तसें न करण्याविषयीं सांगितलें होतें. पण त्याचाच जोडीदार गिलेस्पी त्या फेऱ्यांत न सांपडतां पंचाहत्तर वर्षें जगला आणि अनेकांचा गुरु झाला. दोष संगीताचा नव्हे. एकट्यानें, रात्रीं, घरापासून तुटून शिकावें लागण्याचा तो पुष्कळ अंशीं आहे. म्हणूनच घराचें कर्तव्य येथें सुरू होतें.

या शोधांत मला दोन घरें भेटलीं. मेरी लू विल्यम्स (जन्म १९१०) ही पियानोवादक. तिची आई स्वतः ऑर्गन वाजवी, पण केवळ कागदावरून. मुलगी आपल्यासारखी कागदाची बांधील होऊं नये म्हणून तिनें मुलीस शिक्षक ठेवला नाहीं; मात्र गांवांतील चांगले वादक घरीं बोलावून तिला ऐकविले. ती मुलगी मोठी झाल्यावर हार्लेममधील तिचें बिऱ्हाड मंक, गिलेस्पी आदि तरुणांचें जणूं गुरुकुल बनलें. आणि १९७७ पासून अखेरपर्यंत ती ड्यूक विश्वविद्यालयांत शिकवीत होती. ज्या मुलीस शिक्षक दिला नाहीं ती विश्वविद्यालयाची शिक्षिका झाली! कारण शिक्षक नसला तरी घर कान देऊन होतें.

दुसरें घर बिक्सचें. त्याचा नाद सुटावा म्हणून आईबापांनीं त्यास १९२१ सालीं दूरच्या वसतिगृहाच्या शाळेंत धाडलें. तेथून तो रात्रीं पळून शिकागोच्या क्लबांत जाई, म्हणून शाळेनें त्यास काढून टाकलें. पुढें तो नांवारूपास आला आणि आपल्या तबकड्या निघतील तशा घरीं पाठवूं लागला. आजारी पडून तो घरीं परतला, तेव्हां ती सर्व पुडकीं एका कपाटांत न उघडतां ठेवलेलीं त्यास सांपडलीं, असें त्याचे चरित्रकार सांगतात. १९३१ सालीं, अठ्ठाविसाव्या वर्षीं, दारूनें खंगून तो वारला.

त्या न उघडलेल्या पुडक्यांनीं मला दोन रात्री झोंप येऊं दिली नाहीं. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक मुलगा मधल्या सुटींत तोंडानें वाजवावयाचा बाजा वाजवी. एके दिवशीं तो तासांत वाजला म्हणून मीं तो काढून घेतला आणि वर्ष संपेपर्यंत टेबलाच्या खणांत ठेवला. शिस्त म्हणून तें योग्यच होतें. पण तो मुलगा काय वाजवी, कोठें शिकला, हें मीं त्यास एकदांहि विचारलें नाहीं. आज विचारावें तर त्याचा पत्ता मजपाशीं नाहीं.

महिना संपल्यावर मीं निवाडा दिला. वर्ग आठवड्यांतून एकदां चालूं ठेवावा, बोटांच्या ठेवणीसाठीं व लिपीसाठीं. उरलेले दिवस त्याचे. मात्र दुपारीं दोन ते चार वाद्य बंद. जें वाजवावयाचें तें आधीं गळ्यानें गाऊन पाहावें. लेनी ट्रिस्टानो नांवाचे अंध पियानोवादक आपल्या शिष्यांकडून हेंच करवून घेत, म्हणजे स्वर बोटांपूर्वीं मनांत बसतो. एकट्यानें शिकूं नये, निदान एक तरी सोबती गांठावा. आणि तो घरींच यावा, म्हणजे चहा-पोह्यांबरोबर आम्हांसहि त्याची ओळख होईल. आणि शेवटचें कलम घरच्या मंडळींसाठीं: दर रविवारीं संध्याकाळीं अर्धा तास सर्वांनीं बसून तो काय शिकला तें ऐकावें.

परवांच्या रविवारीं तो वाजवीत असतां एके ठिकाणीं थांबला आणि म्हणाला, "आजोबा, इथं मी चुकलो, तुम्हांला कळलं का?" मला कांहींच कळलें नव्हतें. पण झोपेचे कैवारी आमचे बंधु कोपऱ्यांतून म्हणाले, "कळलं तर! तीन आठवडे ऐकतोय. तो स्वर थोडा उशिरा यायला हवा."